आज दिवसभर हार्पसिकॉर्ड

सुट्टी होती, म्हणून सतराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार लुई कूपरँ लावून बसलो. पियानोत हातोडी तारेवर आपटते, हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या पट्ट्यांच्या जुन्या वाद्यात तार छेडली जाते. त्यामुळे पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज जवळपास तेवढाच! मग भाव आणायचा कुठून? वेळेच्या खेळातून. सूर किंचित उशिरा लावायचा, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) एकदम न वाजवता उलगडत न्यायची. कूपरँचे प्रील्यूड (सुरुवातीला वाजवायच्या रचना) तर तालाशिवायच लिहिलेत: नुसते गोल स्वर आणि लांबलचक वक्ररेषा, कुठे किती थांबायचं ते वादकाने ठरवायचं. आपला आलापच म्हणा ना. त्यानंतर आलमांद, कुरांत, साराबांद असे नाच. साराबांद माझी लाडकी.

संध्याकाळी त्याच काळातल्या जर्मन संगीतकार फ्रोबर्गरकडे वळलो. त्याचा मित्र, ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणारा ब्लांक्रोशे, १६५२ मध्ये पॅरिसला जिन्यावरून पडून गेला. त्याच्यासाठी लिहिलेली शोकरचना संपते ती खाली खाली उतरत जाणाऱ्या सुरांनी. हा जिना आहे की काय, असं वाटून आधी हसू आलं, मग ते गिळलं. कूपरँनेही याच ब्लांक्रोशेसाठी रचना केली आहे. ती अजून ऐकायची आहे. चांगलं रेकॉर्डिंग माहीत असेल तर लिंक टाका.