संपणारा खर्च, न संपणारा खर्च

फोंडा (गोवा), ऑगस्ट. रात्रभर पाऊस.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की पैशांची ओढाताण ठरलेलीच. त्यात घरचा कुत्रा आजारी पडला तर कर्ज काढावं का? नुसत्या रकमेवरून हे ठरत नाही. खर्च एकदा होऊन संपणारा आहे का, ते आधी बघावं.

लॅब्राडोरचं पिल्लू विकत घ्यायला कर्ज नकोच. खरा खर्च ते घरी आल्यावर सुरू होतो. मोठा झालेला ३० किलोचा लॅब्राडोर महिन्याला ९-१० किलो कोरडं खाद्य खातो. पिल्लाला ६-८ आठवड्यांपासून १६व्या आठवड्यापर्यंत दर ३-४ आठवड्यांनी लस, शिवाय रेबीजची वेगळी. आपल्या दमट हवेत गोचिडांचं औषधही बारा महिने. हप्ता भरताना नेमकी लस पुढे ढकलली जाते, आणि पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार तिथेच गाठतो.

पायोमेट्राची गोष्ट वेगळी. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होतो, बहुधा माजानंतर महिना-दोन महिन्यांत. ती खूप पाणी पिते, खाणं सोडते, उलट्या करते. पू बाहेर येत नसेल तर धोका अधिकच, कारण घरच्यांच्या लक्षातच येत नाही. गर्भाशय वेळेत काढलं की दुखणं मुळासकट जातं. यासाठी कर्ज काढायला कचरू नये. मात्र डॉक्टरांकडून कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा लेखी अंदाज घ्यावा. जनावर तग धरून असेल तर पणजीतल्या टोंक किंवा मडगावजवळच्या सोनसोडोच्या सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयातही विचारावं.

व्याज सरळ (शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर) की घटत्या शिल्लकीवर (फेडून उरलेल्या रकमेवर), हेही विचारायलाच हवं. ३०,००० रुपये, १५ टक्के, १२ महिने: घटत्या शिल्लकीवर हप्ता सुमारे २,७०८, एकूण व्याज अडीच हजारांच्या आत. सरळ व्याजात हप्ता २,८७५, व्याज ४,५००. म्हणजे खरा दर २६ टक्क्यांच्या वर. हप्त्यातला फरक १६७ रुपयांच्या आसपास, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही.

म्हाताऱ्या कुत्र्याचा जुनाट किडनीविकार बरा होत नाही. आहार, औषधं, सलाईन, रक्ततपासण्या चालूच राहतात. पहिलं कर्ज फिटायच्या आत दुसरं लागतं. तिथे डॉक्टरांना मोकळेपणी सांगावं, महिन्याला एवढेच जमतील, त्यात आधी काय करायचं? यात लाजण्यासारखं काही नाही. आकडा कळला तरच त्यांना त्यात बसणारे उपचार आखता येतात.