परक्या घरची वालेंतिना
आजचा सबंध दिवस वालेंतिना व्हिस्कोंतीविषयी वाचण्यात गेला आणि रात्री दिवा मालवल्यावरही ती मनातून हलेना. इटलीतील मिलानचा सत्ताधीश जान गालेआत्सो व्हिस्कोंती याची ही मुलगी १३८९ साली फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याच्या धाकट्या भावाच्या, लुईच्या, घरी नांदायला आली. वेडाचे झटके येणारा राजा तिच्या सहवासात शांत होई, म्हणून तिच्यावर चेटकाचा आळ आला आणि १३९६ मध्ये तिला पॅरिस सोडावे लागले. (तिची आई फ्रान्सचीच राजकन्या होती, तरीही ही परकीच!) १४०७ मध्ये लुईचा पॅरिसच्या रस्त्यावर खून झाला; त्यासाठी न्याय मागत ती पुढच्याच वर्षी फ्रान्समधील ब्ल्वा येथे वारली. मला सर्वाधिक भिडले ते हे, की पुढे जोन ऑफ आर्कच्या साथीने लढलेल्या द्युनुआला, नवऱ्याच्या त्या अनौरस मुलाला, तिने आपल्या मुलांबरोबरच वाढवले.