कॉलेज सुरू होण्याआधीचं गणित

2 जुलै, सावईवेरे, गोवा

बारावीचा निकाल लागून इतके दिवस झाले की पेपरात काय लिहिलं होतं तेही आठवत नाही. फर्मागुडीला कॉलेज सुरू व्हायला अजून बराच अवकाश आहे. ताईचा फोन आला, "पहिल्या सेमला मॅथ्समध्ये भले भले आपटतात. आत्ताच कॅल्क्युलस काढून बस." ताईला नाही म्हणायची सोय नसते. शिवाय मला मॅथ्समध्ये 88 आहेत. आठवडाभरात उजळणी आटपेल, असा माझा हिशेब.

5 जुलै

खान अकॅडमीवरचे लिमिट आणि डेरिव्हेटिव्हचे (म्हणजे बदलाच्या वेगाचे) बरेच व्हिडिओ बघून झाले, तेही दीडपट वेगाने. सगळं कळत होतं, मान डोलावत होते. आज वही घेऊन वीस गणितं सोडवली आणि अकरा चुकली.

चुकलेल्यांची छाननी केली तेव्हा जास्तच लाज वाटली. कॅल्क्युलसची म्हणावी अशी चूक दोनच ठिकाणी. बाकी सगळी आठवी-नववीची भुतं: कंस सोडताना मायनस गिळला, लॉगचा गुणाकार बेरजेशी अदलाबदल केला, एका ठिकाणी तर अंशातलं एकच पद खालच्या छेदाशी बिनधास्त काटलं. गळतंय म्हणून कौल बदलायला चढावं आणि वासाच कुजलेला निघावा, तसं झालं.

त्या दोनांतली एक चूक मात्र आवडली. एक्सचा एक्सवा घात, त्याचं डेरिव्हेटिव्ह. मी सरळ घात खाली ओढून एक वजा केला. पण तो नियम घात ठरलेला असेल तेव्हाचा. इथे घातही हलतोय आणि पायाही. दोन्ही बाजूंचा लॉग घ्यावा लागतो. मग उत्तर येतं ते मूळचंच पद, गुणिले (एक अधिक लॉग एक्स). बारावीत हे मी चार वेळा तरी केलं असेन. पाठ होतं, म्हणून कधी दिसलं नाही.

7 जुलै

नेटवर्क मेलं. व्हिडिओ गोल गोल फिरतो. गेटपाशी फणसाखाली छत्री धरून उभं राहिलं की दोन काड्या येतात, पण छत्रीत इंटिग्रेशन होत नाही.

टेक्सासमधल्या लामार विद्यापीठाच्या पॉल डॉकिन्स यांच्या नोट्स मात्र उतरवून ठेवल्या होत्या. नुसता मजकूर आणि गणितं, सजावट काही नाही. उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतात, मुलं नेहमी कुठे चुकतात तेही सांगतात. मी उत्तराचा भाग वहीखाली झाकून आधी स्वतः सोडवते. व्हिडिओपेक्षा याच पानांनी जास्त घाम काढला. पहिली ते चौथी मराठी शाळेत पाढे घोकले, पाचवीपासून सगळं इंग्रजीत; गणित करताना अजूनही तोंडात "सात नवे त्रेसष्ट" येतं आणि हात इंग्रजीत लिहितो.

9 जुलै

आज अर्धा तास वाया गेला. किंवा गेला नाही.

साईन एक्स भागिले एक्स, एक्स शून्याकडे गेला की उत्तर 1. हे आपण मंत्रासारखं म्हणतो. गंमत म्हणून कॅल्क्युलेटरवर 0.01 घालून बघितलं. उत्तर 0.01745. पुन्हा केलं, तेच. 0.001 घातलं, तरी तेच. आधी कॅल्क्युलेटर पावसाने बिघडला असं वाटलं, मग पाठ्यपुस्तक खोटं वाटलं. शेवटी वरच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर दिसलं: तो डिग्रीवर होता. आणि 0.01745 म्हणजे पाय भागिले 180.

म्हणजे साईनचं डेरिव्हेटिव्ह कोसाईन, हे कोन रेडियन या एककात मोजला तरच खरं. डिग्रीत मोजायचं तर दर वेळी हा 0.01745 शेपटीसारखा मागे येणार. अकरावीत रेडियन आलं तेव्हा मी मनात म्हटलं होतं, 360 चांगलं चाललंय की, हे कशाला मध्येच? याचं उत्तर मिळायला दोन वर्षं आणि एक चुकीचं बटण लागलं.

14 जुलै

थ्रीब्ल्यूवनब्राउन या यूट्यूब चॅनेलवर ग्रँट सँडरसन वर्तुळाचं क्षेत्रफळ बारीक बारीक कड्यांत सोडवून दाखवतात. चित्र इतकं देखणं की आपल्यालाच सुचलं असं वाटून जातं. तिथेच घोटाळा आहे. म्हणून आज ठरवलं, एक तरी गोष्ट आपली आपण करून बघायची.

सुचली न्हाणीत. नळाखाली तांब्याची कळशी लावून मी फोन बघत होते. आजी चुलीपाशी बसूनच म्हणाली, "आता गळ्याक पावली, थंयच राव." आणि खरंच, पोटाशी रेंगाळणारं पाणी गळ्याशी आल्यावर भसकन वर आलं. आजीला पाणी दिसत नव्हतं. नुसत्या आवाजावरून कळलं.

मग कळशी ओटीवर आणली. लिटरची बाटली आणि केरसुणीची एक हीर. एकेक लिटर ओतायचं, हीर बुडवायची, ओली लांबी पट्टीवर मोजायची. पहिल्या लिटरला 5.3 सेंटिमीटर. दुसऱ्याला 2.5. पुढे पोटाशी 1.9, परत 1.9. सातव्याला 2.1, आठव्याला 2.3, आणि नवव्याला एकदम 4. आलेख काढला तर रेघ आधी चढी, मध्ये आळसावलेली, शेवटी पुन्हा चढी.

नळाची धार तीच. पाणी चढण्याचा वेग म्हणजे धार भागिले त्या उंचीवरच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ. पोट सर्वांत रुंद तिथे वेग सर्वांत कमी, आणि तिथेच रेघ आपला बाक पालटते. पॉइंट ऑफ इन्फ्लेक्शन! बारावीत मी त्याची व्याख्या "डबल डेरिव्हेटिव्ह शून्य" एवढीच लिहून दोन मार्क घेतले होते. बाक पालटला पाहिजे, हे लिहिलंच नव्हतं, आणि मार्क तरीही मिळाले.

आजीला आलेख दाखवला. तिने चष्मा लावून नीट बघितला, म्हणाली, "कळशी कशाक आडवी काडल्या?"

15 जुलै

कळशीवर खडूने मारलेल्या खुणा आईने सकाळी कोकमाची सोलं लावून घासून टाकल्या. आकडे वहीत आहेत. आता उलटं करायचंय: हीर धरून वेगवेगळ्या उंचीवरचा घेर मोजायचा, त्यावरून आडव्या कापाचं क्षेत्रफळ काढायचं आणि इंटिग्रेशन करून, म्हणजे सगळे पातळ थर बेरजेत घेऊन, नऊ लिटर येतात का बघायचं. घेर मोजायला शिवणाची टेप लागेल. ती ताई घेऊन गेली आहे.