फॉर्मवर न येणारं काम

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, त्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. तिला सहा भेटींचे मिळून २५० रुपये मिळतात. बाळाचं वजन, ताप, श्वास, अंगावर पितं का, सगळं फॉर्मवर भरायचं. मी गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी. ते फॉर्म मी तपासते.

मध्यंतरी आमच्या एका ताईबरोबर अशाच भेटीला गेले. तिसरी मुलगी झालेली. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडलेली. सासू दारातच म्हणाली, "हिला दूधच नाही, वरचं सुरू केलंय." आता ताई सहा महिने फक्त आईचं दूध वगैरे सांगायला बसेल असं मला वाटलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि सासूलाच विचारलं, "मावशी, तुमच्या बाळंतपणात कोण होतं हो तुमच्याजवळ?"

म्हातारी बोलतच राहिली. कोणी नव्हतं. ओल्या अंगाने शेतात जावं लागलं होतं. ताईने एकदाही मधे तोडलं नाही. बऱ्याच वेळाने म्हातारी आपणहून उठली आणि तिने सुनेच्या पाठीशी उशी लावली. मग ताईने बाळ छातीशी कसं धरायचं ते दाखवलं, तेही सासूला जवळ बसवून. पुढच्या भेटीत वजन वाढलेलं होतं. फॉर्मवर तेवढंच आलं.

मासिक सभेत मी हे सांगितलं, तर वरिष्ठ म्हणाले, "बायकांना ते उपजतच असतं." त्याच सभेत, लसीला नकार देणाऱ्या एका बापाचं मन वळवलं म्हणून एका आरोग्य सेवकाचं कौतुक झालं. त्याने काम चांगलंच केलं होतं. पण त्याचं ते कौशल्य आणि ताईचा तो स्वभाव, हे मला पटत नाही.

नवीन असताना हीच ताई दारात उभी राहून फॉर्मवरचे प्रश्न वाचायची आणि सुना गप्प राहायच्या. आधी कोणाशी बोलायचं, कुठे थांबायचं, हे ती घरोघर फिरून शिकली. २००५ पासून आशांना स्वयंसेविकाच धरलं जातं, कामागणिक मोबदला मिळतो. उपजत म्हटलं की या कामाचा मोबदला ठरवायला नको, आणि पुरुष कर्मचाऱ्यांनी ते शिकायलाही नको.

आता आशांच्या बैठकीत पहिला अर्धा तास मी यालाच देते. पुढच्या वेळी दोन आरोग्य सेवकही येणार आहेत. शिकवणार ताईच.