महाद्वारातल्या दुकानाची खतावणी

पंढरपुरात जन्मलेली आणि त्यातून पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेली बाई भेटली, की एक प्रश्न लोकांच्या जिभेवर येतोच. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे विचारतात, पुण्याचा भाचा फोनवर विचारतो, जुने विद्यार्थी तर भर रस्त्यात गाडी थांबवून विचारतात, "बाई, खरं सांगा, धर्मानं माणसाचं भलं केलं की वाटोळं?" विचारणाऱ्याच्या सुरावरूनच त्याला कुठलं उत्तर हवंय ते कळतं. मग मी आमटी वाढायला सांगते. तुम्ही मात्र दोनदा विचारलंत, आणि दुसऱ्यांदा विचारून गप्प बसलात, म्हणून लिहिते.

आधी एक कबुली देते. या खटल्यात मी त्रयस्थ नाही. महाद्वाराजवळ आमचं दुकान होतं. बुक्का, अष्टगंध, कुंकू, तुळशीच्या माळा, चुरमुरे-बत्तासे, टाळांच्या जोड्या. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्यांवर आमचं वर्ष निघायचं, आणि त्यातही आषाढी मेली तर वर्ष मेलं. माझी कॉलेजची फी आषाढीच्या गल्ल्यातून भरलेली आहे. विठोबानं माझं भलं केलं हे मी कीर्द उघडून दाखवू शकते.

इतिहासाच्या बाईकडून लोकांची अपेक्षा असते की तिनं तराजू काढावा. एका पारड्यात क्रुसेडं, १५६० पासून १८१२ पर्यंत (मध्ये थोडा खंड धरून) गोव्यात चाललेलं इन्क्विझिशन. दुसऱ्या पारड्यात अजिंठ्याची लेणी, मिरजेचं मिशन हॉस्पिटल, गुरुद्वारातला लंगर. वर्गात मीही असे दोन रकाने फळ्यावर आखून दिलेत, परीक्षेत पाच मार्कांना ते बरे पडतात. पण त्याच गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट मराठीत ओव्या रचत बसला होता आणि मराठी भाषेची थोरवी गात होता, त्याला कुठल्या पारड्यात टाकायचं? जग फार मोठं आहे. मला माझ्या गावाचं विचारा, तिथली मला पायरी न् पायरी माहीत आहे.

पायरीवरूनच सुरुवात करू. महाद्वाराची पहिली पायरी नामदेवाची. संतांचे पाय लागावेत म्हणून त्यानं ती जागा मागून घेतली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यासमोर, थोडक्या पावलांवर, चोखोबाची समाधी. चोखामेळा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेला. वेठीचं काम. नामदेव तिथं गेले, ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबाची म्हणून ओळखली आणि इथं आणून पुरली, अशी कथा. म्हणजे जिवंतपणी जिथपर्यंत येता येत होतं, मेल्यावरही तिथपर्यंतच. लहानपणी दुकानाच्या फळीवर बसून मी दर्शनाला जाणारी माणसं बघायची. पायरी चुकवून आत जायचं, समाधीला हात लावून पुढं व्हायचं, हे सगळे इतक्या सवयीनं करत की या दोन जागांमध्ये सहाशे वर्षांची एक रेघ होती हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. माझ्याही आलं नव्हतं.

आता यातली गोम बघा. ज्या धर्मानं चोखोबाला दाराबाहेर ठेवलं, त्याच धर्मानं त्याचे शब्द सांभाळले. नुसते त्याचेच नाहीत. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. चौदाव्या शतकातल्या एका महार घरातल्या इतक्या जणांचं बोलणं आज आपल्या हातात आहे. सोयराबाई विटाळाचा जाब विचारते, विटाळ नसलेला देह दाखवा म्हणते. कर्ममेळा तर थेट देवाशी भांडतो. त्या काळच्या राजाच्या दप्तरात या माणसांची एक ओळ सापडायची नाही. ती सापडते वारकऱ्यांच्या गाथेत, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून पुढं देणाऱ्यांत अशीही माणसं होती, जी सोयराबाईला आपल्या आडावर पाणी भरू देणार नव्हती.

ही रेघ पुसली १९४७ साली. देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी आधी काही महिने महाराष्ट्रभर हिंडून सभा घेत होते. शेवटी १ मे रोजी ते पंढरपुरात उपोषणाला बसले, तनपुरे महाराजांच्या मठात. माझे वडील, अण्णा, तेव्हा नऊ वर्षांचे. गावात दोन तट पडलेले. दहा दिवसांत बडवे मंडळींनी, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी, माघार घेतली आणि देऊळ सगळ्यांना खुलं झालं. सनातन्यांनी त्याआधी विठ्ठलाचं तेज मंत्रानं एका घागरीत काढून घेतलं, म्हणजे आत राहिला तो नुसता दगड, अशीही हकिकत इथं सांगतात. आमचे आजोबा त्या घागरीवर विश्वास ठेवणाऱ्यांतले. देऊळ खुलं झालं त्या दिवसापासून ते आत गेले नाहीत. पण दुकान तर महाद्वारात! रोज सकाळी फळ्या उघडल्या की ते बाहेर रस्त्यावर उभं राहून कळसाला हात जोडायचे आणि मागं फिरायचे. त्यांची जागा चोखोबाच्या समाधीपासून दहा पावलांवर होती. अण्णा म्हणायचे, "बाबांनी दुसऱ्यांची शिक्षा स्वतःला लावून घेतली, आणि त्यांना कधी कळलंही नाही." आजोबा १९६३ ला गेले, शेवटपर्यंत कळसावरच समाधान मानून. गल्ला मात्र त्यांनी कुणाचा नाकारला नाही. देऊळ खुलं झाल्यावर गिऱ्हाईक वाढलंच.

डॉ. आंबेडकर विठोबाच्या दाराशी थांबले नाहीत. १९३० मध्ये नाशिकला काळारामासाठी सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, राम काही बाहेर आला नाही. १९३५ ला येवल्यात त्यांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात शब्द खरा केला. धर्म म्हणजे अफूच म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी इथं थांबवते. एवढा शिकलेला माणूस, एका धर्मानं एवढं पोळलेला, धर्म हा प्रकारच सोडून देऊ शकला असता. त्यांनी वीस वर्षं विचार केला आणि धर्म घेतला. दुसरा घेतला, पण घेतला. लाखो माणसांना एका दिवसात ताठ उभं करायला कायदा पुरणार नाही हे घटना लिहिणाऱ्यालाच कळलं असेल, असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे, तो तसाच घ्या.

बाईमाणसाचं सांगते. आमच्या वाड्यात वारीला परभणीकडची दिंडी उतरायची. त्यात एक आजी होत्या, कपाळ मोकळं, डोक्यावर तुळशीवृंदावन. अठरा-वीस दिवस चालून आलेल्या, पायांना फोड. त्या ओट्यावर टेकल्या की शिकलेसवरलेले बापे वाकून त्यांच्या पाया पडायचे. मी एकदा त्यांचे पाय कोमट पाण्यानं धूत होते, तर म्हणाल्या, "घरी लगनाकार्याला मला मागच्या खोलीत बसवतेत, बाई. हितं माउली म्हनतेत. म्हनून येते मी, देव तर काय, दिसला तर दिसला." त्यांना मुखदर्शनसुद्धा प्रत्येक वर्षी व्हायचं नाही. रांग मोठी, गाडी गाठायची घाई. त्यानं त्यांचं काही अडत नसे.

मागच्या खोलीत बसवणाराही धर्मच, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण याच गावात त्याचा फार वाईट पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकात तरण्या विधवांना यात्रेच्या निमित्तानं पंढरपुरात आणून सोडत. दिवस गेलेल्या असत. इथं त्या बाळंत होत आणि पोर चंद्रभागेच्या वाळवंटात, नाहीतर कुठल्या तरी पाराखाली ठेवून जात. पुनर्विवाह शास्त्रात बसत नव्हता, अर्भक टाकणं निमूट बसत होतं. फुल्यांनी पुण्यात १८६३ मध्ये अशा बायकांसाठी घर उघडलं होतं. पंढरपुरात ते १८७५ ला झालं. इथं न्यायाधीश म्हणून आलेले लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांनी पुढाकार घेतला आणि प्रार्थना समाजानं ते चालवलं. नवरंगे बालकाश्रम म्हणून ते आजही आहे. आणि प्रार्थना समाज म्हणजे काही देव न मानणाऱ्यांची मंडळी नव्हे. तुकोबाचे अभंग म्हणून उपासना करणारी माणसं ती. पोरं टाकायला लावणारे आणि ती उचलून घेणारे, दोघेही संध्याकाळी हात जोडूनच बसत होते.

तुकोबांचा विषय निघाला म्हणून. दुष्काळानंतर त्यांनी सावकारीतली आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट अण्णांना फार आवडायची. सांगताना डोळे भरायचे. उधारी मात्र ते पै न् पै वसूल करायचे.

दुकानदाराची मुलगी असल्यामुळं मला हा सगळा प्रश्न वहीसारखाच दिसतो. जमेतून खर्च वजा करायचा, उरलं ते नफा किंवा तोटा, असं विचारणाऱ्यांना वाटतं. पण तसं करायला खातं एकाच माणसाचं असावं लागतं. इथं जमा एकाच्या नावावर पडलीय आणि खर्च दुसऱ्याच्या. परभणीच्या आजींना मिळालेलं माउलीपण मंगळवेढ्याच्या भिंतीखाली मेलेल्या माणसाच्या खात्यातून वळतं कसं करायचं? माझी फी कुणाच्या खर्चातून वजा करायची? "मानवजात" नावाचं खातं मी अजून कुठल्या वहीत बघितलेलं नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. १९८३-८४ च्या सुमाराची गोष्ट, मी नोकरीला नवी. आठवीतला एक मुलगा आषाढीच्या आसपास आठ-दहा दिवस आला नाही. आला तेव्हा मी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "काय रे, यात्रेत पाळण्यात बसत होतास का?" पोरं हसली. तो खाली बघत उभा राहिला. नंतर दुसऱ्या एकानं सांगितलं, की याची आई सफाईला असते आणि द्वादशीपासून तिला वाळवंटातून घरी यायला रात्र होते, धाकटी दोघं हाच सांभाळतो.

द्वादशीचं वाळवंट तुम्ही पाहिलं नसेल. एकादशीचे फोटो सगळे बघतात. त्या काळी लाखो माणसं रात्रभर तिथं कीर्तनं ऐकायची आणि पहाटे तिथंच बसायची, दुसरीकडं जागाच नव्हती. पाऊस झाला असेल तर विचारू नका. आई आमच्या मागच्या खिडक्या तीन दिवस लावून ठेवायची. मग पत्रा, खराटा आणि टोपली घेऊन बायका उतरायच्या, नाकाला पदर बांधून, गुडघाभर घाणीत. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांतल्या बायका. गावात त्यांना ज्या शब्दानं हाक मारत तो मी इथं लिहीत नाही. गाडगेबाबा वाळवंटात खराटा घेऊन उतरायचे आणि देवळात जायचे नाहीत, ते यामुळंच असेल. बाबांनी इथं चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली, तिथं पोरं राहून शिकली. पण बाबांनंतर खराटा पुन्हा त्याच हातांत गेला. पुढं पुष्कळ वर्षांनी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, फिरती शौचालयं आली, आता चित्र बरंच पालटलंय. बडवे-उत्पातांचे देवळावरचे वंशपरंपरागत हक्कही २०१४ ला सुप्रीम कोर्टात संपले. त्या मुलाची मी वर्गात माफी मागितली नाही. हजेरीपत्रकातले 'गैर' मात्र खोडून 'रजा' केले, तेही गुपचूप.

अण्णा गेल्यावर दुकान विकलं. माळ्यावर लाल कापडी बांधणीच्या खतावण्या निघाल्या, वीस-बावीस वर्षांच्या. भंगारवाला खाली थांबला होता, तरी मी चाळत बसले. अण्णांचं अक्षर सुरेख होतं. दर वर्षी आषाढ शुद्ध द्वादशीला एक ओळ सापडली, एकाही वर्षी चुकलेली नाही. "वाळवंट झाडणारी बाई, भाकरी ४, जुने लुगडे १, रोख रु. २." पुढं पुढं रोखीचा आकडा पाच झाला, दहा झाला, लुगडं तेवढं जुनंच राहिलं. सवयीनं मी डाव्या अंगाला खात्याचं नाव बघितलं. मजुरी असं खातं वहीत होतं, हमाल आणि गाडीवाल्याचे पैसे तिथंच टाकलेले होते. ही ओळ तिथं नव्हती. ती होती धर्मादाय खात्यात.