अक्कलकोटची सीमेवरची गावं आणि मोहोळकडच्या कोप्या: चर्चच्या आरोग्य फेरीचा वृत्तांत

सोलापूर जिल्ह्यात चर्चच्या वतीने आरोग्य शिबिर घ्यायचं तर डॉक्टर ठरवण्याआधी तारीख ठरवावी, आणि ती ज्वारीला विचारून ठरवावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये मालदांडीची काढणी चालू असते, तेव्हा दिवसा गावात म्हातारी माणसं तेवढी सापडतात. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. आषाढी-कार्तिकीला आरोग्य खात्याची माणसं पंढरपूरच्या ड्युटीवर. एप्रिल-मेचं ऊन तर विचारायलाच नको. नाताळच्या आठवड्यात पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून ही फेरी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवली होती, आणि पुढच्यांनीही तीच वेळ धरावी.

मुक्काम सोलापूर शहरात. मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, पुण्याहून हुतात्मा; स्वतःच्या गाडीने पुण्याहून साधारण अडीचशे किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांना दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. परतीच्या वाटेवर अर्धा दिवस काढता आला तर तिथे उतरावं. पण शिबिराची आखणी करण्याआधी जायचंच असेल तर जामखेडला जा. रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं, गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं आणि १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिबिर हा आरोग्यसेवेचा सगळ्यात कच्चा प्रकार का, हे तिथे चटकन कळतं. बीपीची गोळी रोजची असते आणि शिबिर एका दिवसाचं. गावात मागे राहणारं माणूस कोण, हे आधी ठरलं नसेल तर शिबिर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ते माणूस म्हणजे आशाताई, आणि उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी. म्हणून पहिली भेट सरपंचांची नाही, पाळकांचीही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची घ्यायची. त्यांना एकच विचारायचं: बीपी-शुगरच्या कोणत्या गोळ्या तुमच्याकडे कायम असतात? तिथे अॅम्लोडिपिन ५ मिलीग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिळत असेल तर शिबिरातही तेच द्यायचं. शहरातले डॉक्टर सवयीने एकाच गोळीत तीन औषधांचं महागडं कॉम्बिनेशन लिहून देतात. महिन्याने पाकीट संपतं, तालुक्याच्या दुकानात किंमत ऐकून माणूस परत फिरतो, आणि केंद्रातली फुकटची गोळी "ती वेगळी आहे" म्हणून घेत नाही.

परवानगीचे कागद असे: ग्रामपंचायतीचं पत्र, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज, त्याची प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, आणि पोलीस ठाण्याला माहितीचं पत्र. सोबत प्रत्येक डॉक्टरच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणीची झेरॉक्स. औषधं वाटणारा नोंदणीकृत फार्मासिस्टच हवा. मंडळीच्या (चर्चच्या सभासदांच्या) तरुण संघातल्या पोरांनी गोळ्या मोजून द्यायच्या नाहीत. परदेशी पाहुणे असतील तर काम वाढतं. परदेशी डॉक्टरला कौन्सिलच्या परवानगीशिवाय रुग्ण तपासता येत नाही, पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही, आणि उतरतील तिथल्या यजमानाने चोवीस तासांत फॉर्म सी (परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला देणारा) भरायचा असतो. पाहुण्याने प्रेमाने पाळकांच्या हातात ठेवलेले रुपयेसुद्धा कायद्याने परदेशी देणगी ठरतात. परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी नसलेल्या मंडळीने ते घेऊ नयेत, आणि नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत फिरवूनही घेऊ नयेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर तसं हस्तांतरण बंद आहे.

जागेबद्दल. चर्च बहुधा गावाच्या एका टोकाच्या वस्तीत असतं. तिथे शिबिर ठेवलं तर बाकीचं गाव येत नाही, आणि देवळाच्या सभामंडपात ठेवलं तर ती वस्ती येत नाही. जिल्हा परिषदेची शाळा सगळ्यांची. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे दुपारपासून वर्ग मोकळे मिळतात. रविवारी उपासना असल्याने पाळक आणि स्वयंसेवक अर्धा दिवस अडकतात. फक्त त्या गावाचा आठवडी बाजार शनिवारचा नाही ना, एवढं विचारून घ्या.

फलकावर काय लिहायचं यावर दर वेळी वाद होतो. चर्चचं नाव लपवू नये. लपवलं की संशय दुप्पट होतो. "मोफत आरोग्य तपासणी" आणि खाली आयोजकांचं नाव, एवढंच. "आरोग्यदायी प्रार्थना", "चमत्कार", "रोगमुक्ती" असले शब्द नकोत. औषधे व जादुई उपचार कायदा १९५४ चा आहे, जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, आणि ते बाजूला ठेवले तरी मधुमेहाची गोळी सोडून देणारा रुग्ण कुणालाच नको असतो. गटाची प्रार्थना सकाळी निघण्यापूर्वी मुक्कामावर. शाळेत पत्रकांचं टेबल नाही, रांगेत गाणी नाहीत. एखाद्याने स्वतःहून प्रार्थना मागितली तर औषध हातात पडल्यावर, पाळकांनी, त्याच्या घरी जाऊन. प्रार्थना केली तर गोळ्या जास्त मिळतात असा समज एकदा पसरला की तो दहा वर्षं निघत नाही.

इथे थोडा इतिहास माहीत असावा. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला सुरू झालं, आणि पुढे सोलापुरात आलं. शाळा, अनाथाश्रम, दुष्काळातलं काम, हे सगळं त्यांच्या नावावर आहे. पण इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून कुंपणात ठेवलं जाई, त्या सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभारही त्याच मिशनकडे होता. तारेच्या कुंपणातून या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी मुक्त झाल्या. त्यामुळे पारधी वस्तीत किंवा भटक्या-विमुक्तांच्या पालांवर गेल्यावर मोठं रजिस्टर काढून आधार क्रमांक, अंगठा आणि फोटो मागू नका. नाव, अंदाजे वय, तक्रार पुरे. सेटलमेंटमधल्या हजेरीच्या वहीची आठवण तिथे घराघरात आहे.

आता शाळेतली मांडणी. दोनशे माणसं धरून चालायचं. नोंदणी ओसरीत, मग बीपी आणि साखर, मग डॉक्टर, शेवटी औषधं. येण्याचं आणि जाण्याचं दार वेगळं. बायकांसाठी एक खोली पडदा लावून, आत स्त्री डॉक्टर आणि नर्स, दाराशी आशाताई. अंगावरून पांढरं जाणं, अंग बाहेर येणं (गर्भाशय खाली सरकणं) या तक्रारी बाहेरच्या टेबलावर "कंबर दुखते" एवढ्याच होऊन येतात. खोली नसेल तर त्या तशाच परत जातात.

बीपीच्या टेबलावर सर्वाधिक चुका होतात. माणूस दोन किलोमीटर चालून आलेला असतो, रांगेत भांडलेला असतो, बायकांनी सकाळी मिश्री लावलेली असते. पाच मिनिटं पाठ टेकून बसवायचं, चहा-तंबाखू-मिश्रीला अर्धा तास होऊ द्यायचा, बाही वर सारून घट्ट आवळायची नाही. शाळेची बाकं बुटकी असतात. हाताखाली चार-पाच वह्या ठेवल्या की दंड छातीच्या पातळीत येतो. जाड दंडाला मोठा कफ (बीपी मोजताना गुंडाळायचा पट्टा) हवाच, लहान कफने आकडा फुगतो. १४०/९० च्या वर आलं तर पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. १८०/११० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल तर चर्चा न करता १०८.

रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्यांचं दुखणं निराळं. डबी उघडी राहिली किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तापली की पट्टी खोटं बोलते. कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, त्याहून मजेशीर प्रकार होतो: उसाच्या रसाने बोटं चिकट असतात आणि ठणठणीत पोराची साखर तीनशे दाखवते. स्पिरिटच्या बोळ्याने ती साखर धड जात नाही. साबण-पाण्याने हात धुऊन, कोरडे करून, मगच टोचायचं. टेबलाशेजारी बादली, तांब्या आणि साबण ठेवा.

सर्वात जास्त समाधान चष्म्याच्या टेबलावर मिळतं आणि खर्च सर्वात कमी. चाळिशीचे तयार चष्मे +१.०० ते +३.०० पर्यंत, त्यातले निम्म्याहून अधिक +१.५० ते +२.५० मधले. वाचायला वर्तमानपत्र देऊ नका. तांदूळ निवडायला किंवा सुईत दोरा ओवायला द्या. दूरच्या नजरेसाठी ई-चार्ट, अंतर टेपने मोजून सहा मीटर. डोळा लाल आहे म्हणून स्टेरॉइडचे थेंब देऊ नयेत. बुबुळावर जखम असेल तर ती चिघळते.

औषधं सोलापुरातल्या ठोक विक्रेत्याकडून ट्रस्टच्या पत्रावर आणि डॉक्टरांच्या मागणीवर घ्यावीत. बॅच नंबर लिहून, मुदत किमान सहा महिने पुढची बघून. "विक्रीसाठी नाही" छापलेले नमुने गोळा करून आणणं ही वाईट सवय आहे: प्रत्येकी दोन पट्ट्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, मुदत संपत आलेल्या. "सुई मारा", "सलाईन लावा" ही मागणी येणारच. इंजेक्शन आणलंच नाही म्हणून सांगता यावं, यासाठी अंगदुखीची इंजेक्शनं खरोखरच नेऊ नयेत. डायक्लोफेनॅकच्या गोळ्याही सरसकट वाटू नयेत. बीपी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्या बाधतात. पॅरासिटामॉल ५०० च्या हजार-बाराशे गोळ्या दोनशे माणसांना पुरतात.

ओआरएसचं पाकीट एक लिटरचं आणि दोनशे मिलीचंही येतं. कुठलं घेतलं ते बघा आणि त्याच मापाचं भांडं दाखवून शिकवा. लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळलेलं घराघरात दिसतं. जुलाबाच्या सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक २० मिलीग्रॅम रोज, १४ दिवस. जुलाब थांबले तरी पुढे चालू. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर लोहाची गोळी चहाबरोबर नको आणि शी काळी होते ही भीती नको, हे सांगायला दोन मिनिटं काढावीत. ७ च्या खाली असेल तर गोळीवर न थांबता थेट दवाखान्यात.

दोन आठवड्यांहून जुना खोकला दिसला की थुंकीची तपासणी. अशा रुग्णाला लिवोफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स देऊन बघू नका. क्षयरोग थोडे दिवस दबतो, तपासणी फसते आणि निदान लांबतं. क्षयाचे उपचार मोफत आहेतच, शिवाय निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये मिळतात; बँक खातं नसेल तर तेवढंच काम आशाताईंकडे द्या. बधिर चट्टा दिसला तर डोळे मिटवून बॉलपेनच्या टोकाने हलका स्पर्श करून बघायचं. कुष्ठरोगाचं औषध आरोग्य केंद्रात मोफत मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांचं.

अक्कलकोटच्या सीमेकडे मराठी समजतं, पण म्हाताऱ्या बायका कन्नडमध्येच दुखणं सांगतात. "मुंजाने" (सकाळी), "संजे" (संध्याकाळी), "ऊट आद मेले" (जेवण झाल्यावर) एवढं औषधाच्या टेबलावरच्या माणसाला यायला हवं. पाकिटावर सूर्य-चंद्र काढला की निम्मं काम होतं.

मोहोळकडच्या कोप्यांचं वेळापत्रक उलटं. टोळी पहाटे फडात जाते आणि अंधार पडल्यावर येते, म्हणून शिबिर संध्याकाळी सहा ते नऊ. दिवा स्वतःचा न्यावा. आधी मुकादमाशी बोलावं, पण तपासणीच्या वेळी तो जवळ उभा नको. इथे खरूज भरपूर. हाताशी पन्नास ट्यूब असतील तर पन्नास जणांना एकेक देणं म्हणजे औषध वाया घालवणं. मोठ्या माणसाला परमेथ्रिन ५ टक्के एका वेळी ३० ग्रॅम लागतं, आठवड्याने पुन्हा तेवढंच, आणि एका कोपीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळव्यापर्यंत लावायचं. पाच-सहा कोप्या पूर्ण करा, बाकीच्यांची नावं पुढच्या खेपेसाठी. हे लोक मार्चनंतर बीडकडे किंवा आणखी कुठे जातात. जुन्या आजाराच्या रुग्णाच्या हातात त्याचा स्वतःचा कागद हवा, वही आपल्याकडे ठेवून उपयोग नाही.

सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत. प्लास्टिक लाल पिशवीत. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शिबिरांनाही लागू आहेत. कचरा कुणाकडे द्यायचा हे आरोग्य केंद्राशी आधी बोलून ठेवा. शाळेमागे जाळणं बंद.

मोतीबिंदू, हर्निया, अंग बाहेर येणं अशा रुग्णांची वेगळी यादी करून त्यांना सोलापूरच्या सिव्हिलला न्यावं लागतं. खासगी दवाखान्यात महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू असेल तर रेशन कार्ड आणि आधार सोबत हवं, नाहीतर फेरी फुकट जाते. जुनी माणसं अजून "मिरजेला न्या" म्हणतात, डॉ. वॉनलेस यांच्या १८९४ च्या मिशन हॉस्पिटलचा तो लौकिक. मिरज असो की सोलापूर, तो विभाग आणि तो डॉक्टर त्या दिवशी आहे का, हे फोनवर विचारूनच रुग्णाला एसटीत बसवा. सोबत जाणारं माणूस नेमा. रुग्ण अडतो तो केसपेपरच्या खिडकीवर. हे काम मंडळीतल्या निवृत्त शिक्षिका उत्तम करतात.

आजारांची पूर्ण यादी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यायची. पाळकांकडे फक्त ज्यांनी स्वतः "सोबत या" म्हटलं त्यांची नावं, आजार न लिहिता. बीपी-शुगरच्या गोळ्या तीस दिवसांच्या द्याव्यात, आणि केंद्रात जायची तारीख पंचविसाव्या दिवसाची लिहावी.