मिउराचे आडवे इंजिन: फुनो आणि सांतागाताची वारी

बोलोन्याच्या कमानींची सावली सोडून उत्तरेकडची लोकल पकडली, की थोड्याच वेळात शहर मागे पडते आणि पो नदीचे सपाट मैदान सुरू होते. मक्याची शेते, पाण्याचे कालवे आणि मधूनच गोदामांच्या रांगा पाहत मी फुनोच्या स्थानकावर उतरलो. फेर्रुच्चो लँबोर्गिनी यांच्या नावाचे संग्रहालय याच फुनोत आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी बावीस वर्षे ओतकामात गेली असून त्यातली बरीचशी ट्रॅक्टरची कास्टिंगे काढण्यात गेली आहेत. एका ट्रॅक्टरवाल्याने काढलेल्या गाडीतले एक कास्टिंग डोळ्यांनी पाहायचे, हे माझ्या मनात फार वर्षांपासून होते.

ती गाडी म्हणजे लँबोर्गिनी मिउरा. १९६६ ते १९७३ या काळात साडेसातशेहून थोड्या अधिक मिउरा तयार झाल्या आणि अनेक जाणकार तिलाच जगातली पहिली सुपरकार मानतात.

संग्रहालयात मात्र आधी ट्रॅक्टर भेटतात, आणि ते योग्यच आहे. फेर्रुच्चो यांचा जन्म १९१६ सालचा, इथून जवळच्या रेनाझ्झो गावातल्या शेतकरी घरातला. महायुद्धात ऱ्होड्स बेटावर त्यांनी लष्करी वाहने दुरुस्त केली आणि परत आल्यावर, १९४८ मध्ये, मॉरिसच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर ‘कारिओका’ हा पहिला ट्रॅक्टर बांधला. तो सुरू व्हायचा पेट्रोलवर आणि इंजिन तापले की स्वस्त डिझेलवर चालायचा. युद्धानंतरच्या टंचाईत शेतकऱ्याला काय परवडेल याचा पुरा विचार त्या एका जोडणीत दिसतो, म्हणून मी तिच्यासमोर बराच वेळ थांबलो.

फेर्रुच्चो स्वतः वापरत असलेली मिउरा एस.व्ही., म्हणजे मिउराची शेवटची आवृत्ती, याच संग्रहालयात आहे. गाडीची उंची जेमतेम एक मीटर पाच सेंटिमीटर असल्यामुळे उभ्या माणसाच्या नजरेला आधी छप्परच पडते. मागच्या बाजूला काचेऐवजी काळ्या आडव्या पट्ट्या आहेत. त्यांच्या फटींतून इंजिनाची गरम हवा वर जाते आणि चालकाला मागचे थोडेफार दिसते. मी वाकून त्या फटींतून आत पाहिले, तेव्हा कार्ब्युरेटर दिसले. वेबर कंपनीचे, तीन-तीन नळ्यांचे चार, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची एक नळी.

खरी गंमत त्यांच्या खाली आहे. जोत्तो बिझारिनी यांनी कंपनीच्या पहिल्या गाडीसाठी साडेतीन लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन आखले होते आणि मिउरासाठी ते वाढवून ३,९२९ घनसेंटिमीटरचे झाले. असे इंजिन लांबलचक असते. ते चालकाच्या पाठीमागे उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, ठेवून त्याच्या मागे गिअरबॉक्स जोडला, तर रस्त्यावर चालवायची गाडी नको तितकी लांब होते. जान पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी हे दोघेही तेव्हा तिशीच्या आतले अभियंते होते. त्यांनी हे इंजिन आडवे फिरवले आणि दोन आसने व मागचा आस यांच्यामधल्या जागेत बसवले. छोट्या ब्रिटिश ‘मिनी’त आडव्या इंजिनाच्या पोटातच गिअरबॉक्स घातलेला होता, त्याच धाग्याने जात त्यांनी क्रँककेस (इंजिनाचे खालचे कवच), गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) यांचे घर ॲल्युमिनियमच्या एकाच ओतकामात काढले.

ज्याने भट्टीसमोर उभे राहून काम केले आहे, त्याला या वाक्याचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. एका साच्यात आतल्या पोकळ्यांसाठीचे इतके गाभे बसवायचे, कुठे भिंत पातळ तर कुठे जाड, धातू सगळीकडे सारखा पोचला पाहिजे आणि थंड होताना कुठे ओढ बसता कामा नये. एका कोपऱ्यात बारीकशी पोकळी राहिली, तरी तीन भागांचे काम एकदमच भंगारात जाते. १९६५ साली संगणकावर धातूचा प्रवाह पाहण्याची सोय नव्हती. साचा करणाऱ्याच्या हाताचा आणि नजरेचाच काय तो भरवसा होता.

नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरीनच्या प्रदर्शनात त्यांनी फक्त सांगाडा मांडला. पोलादी पत्र्याचा सांगाडा, वजन कमी करण्यासाठी जागोजागी पाडलेली भोके आणि मध्ये ते आडवे इंजिन. पुढच्या काही महिन्यांतच गाड्यांची अंगे घडवणाऱ्या बेर्तोने यांच्याकडचा सत्तावीस वर्षांचा मार्चेल्लो गांदिनी याने त्यावर अंग चढवले आणि मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात नारिंगी मिउरा उभी राहिली. वेळ इतका कमी होता, की इंजिन या अंगात नीट बसते की नाही, हे पाहायलाही कोणाला सवड मिळाली नव्हती, असे सांगतात. इंजिनाच्या जागी वजन भरून मागचे झाकण प्रदर्शनभर कुलूपबंद ठेवले होते. सेव्हिलचे बैलपालक एदुआर्दो मिउरा यांच्यावरून ठेवलेले नाव तिला शोभते. दारे उघडून समोरून पाहिले की शिंगे दिसतात. दिव्यांभोवतीच्या पट्ट्यांना लोक पापण्या म्हणतात, बहुतेक एस.व्ही. गाड्यांवर त्या नाहीत; मला विचाराल तर पापण्यांशिवायचा चेहराच अधिक कणखर दिसतो.

इतके कौतुक केल्यावर दोषही तितक्याच नीटपणे सांगायला हवेत, कारण त्यांतले बरेचसे त्या आडव्या इंजिनातूनच आले आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना एकच तेल असल्याने गिअरांचा झिजलेला चुरा इंजिनाच्या बेअरिंगपर्यंत जाण्याची भीती होती, म्हणून शेवटच्या काळातल्या एस.व्ही. गाड्यांत मध्ये भिंत घालून दोघांची तेले वेगळी केली. इंजिन पाठीला खेटून असल्याने आत आवाज आणि उष्णता फार. गाडी उभी असताना कार्ब्युरेटरांतून पेट्रोल गळून साचायचे आणि त्यामुळे काही मिउरा पेटल्या. पेट्रोलची टाकी पुढे आहे. ती रिकामी होत गेली की नाक हलके व्हायचे आणि मोठ्या वेगात पुढची चाके जमिनीवरून उचलल्यासारखी वाटायची. न्यूझीलंडचा चाचणीचालक बॉब वॉलेस यांनी या गाडीसह रस्त्यावर घालवलेल्या तासांमुळे पुढच्या आवृत्त्या सुधारत गेल्या. पहिल्या पी ४०० ची ३५० अश्वशक्ती एस मध्ये ३७० आणि १९७१ च्या एस.व्ही. मध्ये ३८५ झाली, पण माझ्या मते खरी प्रगती त्या तेलाच्या भिंतीत आहे.

दुसऱ्या दिवशी सांतागाता बोलोन्येझेला जाऊन व्हिया मोदेनावरचा कारखाना आणि तिथले संग्रहालयही पाहिले. १९६३ साली ज्या शेतांच्या कडेला तो उभा राहिला, त्यांतली काही अजून शेतेच आहेत. तिथल्या गाड्या देखण्या आहेत, चकचकीत आहेत, आणि मी त्यांच्यापुढून लवकरच निघालो.

मन फुनोतच राहिले होते. म्हणून परतीच्या वाटेवर पुन्हा तिथे गेलो आणि बंद होण्याआधीचा अर्धा तास त्याच गाडीमागे बसून काढला. खाली, जिथे यंत्रावर घासून गुळगुळीत केलेला भाग संपतो, तिथे कास्टिंगचा मूळ पृष्ठभाग तसाच सोडलेला होता. वाळूच्या साच्याचे दाणे त्यावर उठले होते आणि साच्याचे दोन भाग जिथे मिळाले होते ती पुसट रेघ इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत न तुटता गेलेली होती.